पुडीकाकांचं अक्षर

पुडीकाकांचा डॉक्टर लोकांवर राग होता, आणि तो त्यांनी अडतीस वर्षं जिवापाड जपला होता. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा माणूस दुसरं काय जपणार? समोर येणारी प्रत्येक चिठ्ठी म्हणजे कोंबडीचे पाय. "शरीरातलं हाड न् हाड पाठ करतात, आणि चार अक्षरं नीट काढायची तर जिवावर येतं यांच्या," असं ते रोज एकदा तरी म्हणत. दुकानाचा मालक दबक्या आवाजात सांगे, "हळू बोला हो, डॉक्टर वरच्याच मजल्यावर बसलेत." मग काका मान वर करून, छताकडे बघत, तेच वाक्य पुन्हा म्हणत.

नाव पडलं होतं ते त्यांच्या पुड्यांवरून. सगळीकडे स्ट्रिपा कापून हातावर टेकवायची पद्धत आली, तरी काका गोळ्या पांढऱ्या कागदी पुडीत घालून देत आणि पुडीवर ठसठशीत लिहीत: १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ज्या म्हातारीला अक्षर ओळखता येत नसे, तिलाही काकांचा आकडा ओळखता येई. त्यांचा एक तर बघत राहावा असा. वरचा गोल पुरता भरलेला, शेपूट खाली सरळ उतरलेलं. काकू प्राथमिक शाळेत पहिलीच्या बाई होत्या, तीस वर्षं पोरांचे हात धरून त्यांनी एक गिरवून घेतला होता. लग्नानंतर त्यांनी नवऱ्याचाही घेतला. "तुमचा एक लंगडतोय," असं त्या म्हणाल्या होत्या म्हणे. तेव्हापासून लंगडला नाही.

काकांचं आणखी एक होतं. शंका आली की विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही. एकदा एका बड्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत टिंब आहे की शाई उडालीय, कळेना. फोन कुणी उचलेना. काकांनी दुकान मालकाच्या गळ्यात टाकलं आणि डॉक्टरांना हुडकत निघाले. डॉक्टर सापडले न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला फेस.

"अहो, दाढी तरी करू द्या!"

"करा की. फक्त एवढं सांगा, हे अडीच आहे की पंचवीस?"

डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि फेसाखालचा चेहरा उतरला. अडीच होतं. पेशंट पाच वर्षांची मुलगी होती. काका परत आले, पुडी बांधली, आणि मालकाला म्हणाले, "विचारलं तर लाज जाते, नाही विचारलं तर माणूस जातो." हे वाक्य पुढे त्यांनी इतक्यांना ऐकवलं, की लोक त्यांना बघूनच ते म्हणायला लागले.

आता काकूंचं सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांच्या जिवाची आहे. काकूंच्या हृदयात अकरा वर्षांपासून बनावट झडप होती. झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज संध्याकाळी घ्यायची, जन्मभर. ही गोळी मोठी खट. कमी पडली तर गाठ धरते, जास्त झाली तर आत कुठंतरी रक्त सुटतं आणि सुटलेलं कळतही नाही. काकूंची मात्रा ठरायला सहा महिने आणि शेकडो सुया लागल्या होत्या. शेवटी ठरली ती एवढीशी, एक मिलिग्रॅम. काकू चणीनंच एवढ्याशा. संध्याकाळी सहाला काका स्वतः गोळी हातावर ठेवत, काकू गिळत, आणि काका कॅलेंडरवर खूण करत. अकरा वर्षांत एक खूण चुकली नव्हती.

मग लेकीला परदेशात मुलगी झाली आणि तीन महिन्यांसाठी जायचं ठरलं.

काकांनी तयारी केली ती त्यांच्या पद्धतीनं. स्ट्रिपा जागा खातात, कोपरे टोचतात. त्यांनी तीन महिन्यांच्या गोळ्या फोडून पुड्यांत घातल्या, दर आठवड्याची एक पुडी, त्या कापडी पिशवीत ठेवल्या आणि पिशवी हातातल्या सामानात, कारण मोठी बॅग हरवते हे त्यांनी ऐकलं होतं. राहिली डॉक्टरांची चिठ्ठी. ती त्यांनी उजेडात धरून बघितली आणि हसले. "हे त्या लोकांना वाचता येणार? कप्पाळ!" त्यांनी पोस्टकार्डाएवढा जाड कागद घेतला, गोळीचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं, पुढे आकडा, पुढे 'मिलिग्रॅम, रोज' असं इंग्रजीत, आणि कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "वा, काय अक्षर आहे तुमचं!" आणि सही-शिक्का मारून दिला. मूळ चिठ्ठी घरी कपाटात राहिली.

तिकडच्या विमानतळावर हातमोजे घातलेल्या एका माणसानं कापडी पिशवी उपडी केली. पुड्या टेबलावर पसरल्या. त्यानं एक उघडली, पांढऱ्या गोळ्या बघितल्या आणि विचारलं, "हे काय?"

"औषध. वाइफ. हार्ट," काका म्हणाले.

"लेबल नाही."

आता अडतीस वर्षं ज्यानं दुसरं काही केलं नाही, त्याला लेबल नाही म्हणणं म्हणजे सुताराला खिळा ओळखता येत नाही म्हणण्यासारखं. काकांनी पुडी उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. नाव, आठवडा, मात्रा, सगळं होतं. त्या माणसानं ते नक्षी बघावी तसं बघितलं. काकांनी खिशातला कागदही पुढे केला, पण तो म्हणाला की कागदावरच्या गोळ्या याच कशावरून. ही शंका मात्र बरोबर होती, हे काकांनाही मनातून पटलं आणि म्हणूनच जास्त राग आला. पुड्या एका पिवळ्या डब्यात गेल्या. मागच्या रांगेत एकाच्या बॅगेत काय काय होतं ते देवाला ठाऊक, तो शीळ घालत निघून गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

काकूंच्या चष्म्याच्या डबीत, हाताशी असाव्यात म्हणून, चार गोळ्या होत्या. त्या तेवढ्या वाचल्या.

चार गोळ्या म्हणजे चार संध्याकाळी. लेकीनं बाळाला मांडीवर घेऊन फोन लावायला सुरुवात केली. तिच्या दवाखान्यातली बाई गोड आवाजात म्हणाली की पहिली भेट अकरा दिवसांनी मिळेल.

"गोळ्या चारच दिवसांच्या आहेत," लेक म्हणाली.

"सध्या पेशंटला रक्तस्राव होतोय का?"

"नाही."

"मग ही तातडी धरता येत नाही. रक्तस्राव झाला तर लगेच मोठ्या हॉस्पिटलात या."

लेकीनं हे सांगितलं तेव्हा काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे घर जळल्याशिवाय बंब पाठवणार नाहीत? आणि ही गोळी थांबली तर रक्त येत नसतं, गाठ होते गाठ! एवढं त्या बाईला कुणी शिकवलं नाही?"

जावई भला माणूस होता. तो लॅपटॉपवरून मान काढून म्हणाला, "बाबा, इथं असंच असतं."

पुढच्या दोन दिवसांत काकांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की झोपेतही कुणी ते म्हणालं असतं तर त्यांनी उशी फेकून मारली असती. विमा कंपनी म्हणाली की झडप हा जुना आजार आहे, आमचा संबंध फक्त नव्या आजाराशी. इथं असंच असतं. औषधाच्या दुकानात एक गोळी मागितली, एकच, तर म्हणाले इथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. इथं असंच असतं. काका तिथल्या काउंटरवरच्या मुलाला सांगायला गेले की मीही तुझ्याच धंद्यातला, तर तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. दुसऱ्या दुकानात तर काका हात जोडून उभे राहिले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, पण इथलं गाढव पायही धरू देईना.

"तुम्ही चिडू नका हो," काकू म्हणत. "चिडून गोळ्या वाढणार आहेत का?"

"तू गप्प बस. तुझ्या छातीत काय चाललंय ते बघ."

"चाललंय नीट. टकटक ऐकू येते ना तुम्हाला?" बनावट झडप वाजते. शांत खोलीत काकांना ती ऐकू येई. परदेशातल्या त्या खोलीत आवाज बाहेरून आत येतच नव्हते, त्यामुळे दिवसभर ऐकू येत होती.

चौथ्या दिवशी सकाळी, डबीत शेवटची गोळी असताना, जावयानं रजा टाकली आणि दोघांना बिनाभेटीच्या दवाखान्यात नेलं. तिथं नंबर घ्यायचा आणि बसायचं. बसले साडेपाच तास. दरम्यान एक आठ पानी फॉर्म भरायचा होता. त्यात घरात कुत्रा आहे का, पायऱ्या किती, जिना चढताना उदास वाटतं का, सगळं होतं. छातीत बनावट झडप आहे का हे विचारायला जागा नव्हती. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. काकांनी कोऱ्या समासात 'झडप' असं इंग्रजीत ठसठशीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

नंबर पुकारला, तेव्हा नर्स म्हणाली, "पेशंटबरोबर एकच जण."

भाषा येते म्हणून जावई आत गेला. काका बाहेर. ज्यानं अकरा वर्षं ही गोळी हातानं भरवली तो बाहेर, आणि ज्याला सासूबाई कुठली गोळी घेतात हे चार दिवसांपूर्वी कळलं तो आत. काकांनी आपला कागद तेवढा जावयाच्या हातात दिला. "जावईबापू, तोंडी काही सांगू नका. हा कागद दाखवा. यात सगळं आहे."

सात मिनिटांत दोघं बाहेर आले.

"काय म्हणाले?"

"काही नाही. नर्सनं कागद बघून, त्याचा फोटो घेऊन कॉम्प्युटरमध्ये भरलं, डॉक्टरांनी सही केली," काकू म्हणाल्या.

"नाडी बघितली?"

"नाही."

"छातीला नळी लावली?"

"माझ्याकडे बघितलं एकदा. जाताना. हसले छान."

"रक्त तपासायचं काही?"

"ते आठ दिवसांनी, बाबा," जावई म्हणाला. "आपल्या दवाखान्यात भेट आहे ना तेव्हा. औषध दुकानात थेट गेलंय, घ्यायचं फक्त." काका काहीतरी बोलणार तेवढ्यात तोच घाईनं म्हणाला, "माहितेय, माहितेय. पण मिळालं ना शेवटी?"

दुकान मोठं होतं. अर्ध्या भागात शाम्पू, अर्ध्या भागात चॉकलेटं, आणि औषधं पार मागे, जणू काही लाजून बसलीयत. काउंटरवरच्या मुलीनं कागदी पिशवीत घातलेली नारिंगी बाटली दिली. जावई निघालाच होता. पण काउंटर सोडायच्या आधी औषध उघडून बघणं ही काकांच्या हाताची सवय. दुसऱ्याला ते हेच सांगत आले होते. त्यांनी बाटली फिरवली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि लेबल वाचलं. बोलायला अडखळत असतील, पण औषधाचं इंग्रजी काकांना कुणी शिकवायला नको होतं.

तीन मिलिग्रॅमची गोळी. रोज तीन गोळ्या.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग बाटली काउंटरवर आपटली.

"नाइन!" ते ओरडले. "नाइन? यू वाँट टू किल हर?"

शाम्पूच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मुलगी दचकली. जावयानं काकांचा दंड धरला. "बाबा, हळू. घरी जाऊन फोन करू आपण."

"घरी? अहो, नऊ लिहिलंय यांनी! एकाच्या जागी नऊ! आठवडाभर हिला नऊ नऊ दिलं असतं, तर भेटीच्या दिवशी न्यायला माणूस उरला असता का? तीन हातांतून गेलं हे. नर्स, डॉक्टर आणि ही पोरगी! एकाचे तरी डोळे उघडे होते का?"

"बाबा, इथं असं ओरडत—"

"इथं असंच असतं म्हणालात तर याद राखा!"

सिक्युरिटीचा माणूस येऊन दोन हातांवर उभा राहिला. काकांनी तिथली प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि काउंटरसमोर मधोमध बसले. वरिष्ठ येईपर्यंत मी हलत नाही, असं जावयाला भाषांतर करायला लावलं. काकू बाजूला उभ्या होत्या, हातात पर्स, पर्समध्ये चष्म्याची डबी, डबीत एक गोळी.

वरिष्ठ म्हणून आल्या त्या पन्नाशीच्या बाई होत्या, मुख्य फार्मासिस्ट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं, आणि दवाखान्यानं पाठवलेला कागद पडद्यावर मोठा करून पडदा काकांकडे वळवला.

"हा तुमचाच कागद ना?" त्यांनी विचारलं. "यावर नऊच आहे."

काकांनी बघितलं. त्यांचंच अक्षर. गोळीचं नाव इंग्रजीत, पुढे 'मिलिग्रॅम, रोज' इंग्रजीत, आणि मधोमध तो, अडतीस वर्षं पुड्यांवर काढलेला, हाताच्या सवयीनं आपोआप उतरलेला आपला एक. वरचा गोल पुरता भरलेला. शेपूट खाली सरळ. ज्याला आपले आकडे येत नाहीत, त्याच्या डोळ्याला तो इंग्रजी नऊ होता. सुंदर, स्वच्छ, छापल्यासारखा नऊ. डॉक्टरांचा कोंबडीचा पाय असता, तर कुणीतरी विचारलं तरी असतं.

काका खुर्चीतून उठले. त्यांनी त्या बाईंकडून पेन मागून घेतलं, जावयाकडच्या आपल्या मूळ कागदावर एका बाजूला आपला एक काढला, त्याच्यासमोर इंग्रजी एक काढला आणि मध्ये बरोबरचं चिन्ह केलं. या वेळी एक लंगडला.

"माय मिस्टेक," ते म्हणाले. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले.

बाईंनी ते दोन आकडे बराच वेळ बघितले. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, आणि जावयानं ते मराठीत सांगितलं, "मलाही नऊ जास्त वाटलं होतं. वय बघता. वजन बघता. मी दवाखान्याला फोन लावला होता, पण लाइन बिझी होती. आणि डॉक्टरांची सही होती."

म्हणजे शंका आली होती. काकांना वाटलं, कुणी कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. त्यांची चूक त्यांनी कबूल केली होती, पदरात घेतली होती. पण ही चूक नव्हती. हिला कळलं होतं, आणि बिझी लाइनला घाबरून तिनं बाटली भरली होती. न्हाव्याच्या दुकानापर्यंत जायला किती पावलं लागतात?

"आता लावा फोन," काका म्हणाले. मराठीतच म्हणाले, पण बाईंना कळलं. त्यांनी फोन लावला. पलीकडून गाणं वाजायला लागलं. पंचवीस मिनिटं वाजलं. तेवढा वेळ काका उभे होते आणि बाईंनाही खाली बसू देत नव्हते, म्हणजे बोलले काही नाहीत, नुसते बघत उभे होते. शेवटी डॉक्टर बोलले, आकडा बदलला, नवी बाटली आली. एक मिलिग्रॅम. काकांनी प्रत्येक गोळी तळहातावर घेऊन मोजली.

लेकीच्या घरी सहा वाजता काकांनी पाण्याचा पेला भरला, डबीतली शेवटची गोळी काकूंच्या हातावर ठेवली. नवी बाटली उद्यापासून. काकूंनी गोळी गिळली आणि तो कागद मागितला. जवळ धरला, मग लांब धरला, वहीवर शेरा द्यायच्या आधी बाई धरतात तसा.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा एक मी शिकवलेला."

काकांनी डबी मिटून तिच्या पर्समध्ये ठेवली. जावई दारात उभा होता. 'इथं असंच असतं' हे त्यानं या वेळी म्हटलं नाही, आणि काकांनी त्याला मनातल्या मनात बरेच गुण दिले.

तीन महिन्यांनी दोघं परत आली. जिवावरचं बोटावर निभावलं, असं शेजारीपाजारी म्हणाले. काका आता निवृत्त आहेत, तरी परदेशी निघालेली माणसं औषधांची यादी करून घ्यायला त्यांच्याकडे येतात. काका त्यांना स्ट्रिपा फोडू देत नाहीत, डॉक्टरची मूळ चिठ्ठी, कितीही घाण असली तरी, बरोबर न्यायला लावतात, आणि यादीत आकडा काढतच नाहीत. इंग्रजी अक्षरांत पुरा शब्द लिहितात. त्यांच्या डोक्यात अजून धग आहे. त्या फार्मासिस्ट बाईंना त्यांनी माफ केलेलं नाही, तिथल्या डॉक्टरांना तर मुळीच नाही, आणि तिसऱ्याचं, म्हणजे स्वतःचं, नाव ते घेत नाहीत.

परवा एक जण यादी हातात घेऊन म्हणाला, "काका, काय सुरेख अक्षर आहे हो तुमचं!"

काकांनी त्याच्या हातातून कागद परत घेतला.

"सुरेखच होतं," ते म्हणाले. "सुरेख होतं म्हणूनच कुणी विचारलं नाही." आणि त्याला समोर बसवून, एकेका औषधावर बोट ठेवून, प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लावली.